पेटंटचा क्लेम कसा वाचतात : गॅस सेन्सर आणि सिंगापूरचे अपील न्यायालय

पेटंटच्या दस्तऐवजात वर्णन असते, आकृत्या असतात आणि शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्ये असतात. या वाक्यांना क्लेम म्हणतात. यंत्र कसे बनवायचे, कसे चालवायचे, आधीच्या यंत्रांत काय उणे होते, हे वर्णनात येते. इतरांना नेमके काय करायला मनाई आहे, हे मात्र क्लेमवरून ठरते. एक क्लेम एकाच वाक्यात लिहायची रीत असल्याने ते वाक्य कधीकधी अर्धे पान व्यापते आणि पहिल्या वाचनात कोणालाच नीट कळत नाही. पण खटला उभा राहिला की कोट्यवधी डॉलरांचा निकाल त्यातल्या एखाद्या विशेषणावर किंवा क्रियाविशेषणावर येऊन थांबतो. त्या शब्दाचा अर्थ खालच्या न्यायालयाने एक लावला आणि अपिलात दुसरा लागला, तर जिंकलेला हरतो.

सिंगापूरचा स्वतःचा पेटंट कायदा १९९४ चा. तो २३ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्याआधी ब्रिटनमध्ये मिळालेले पेटंट सिंगापुरात नोंदवून घ्यावे लागे. नवा कायदा बराचसा ब्रिटनच्या १९७७ च्या कायद्यावरून घेतला आहे. त्याच्या कलम ११३ नुसार शोध म्हणजे क्लेममध्ये नमूद केलेली गोष्ट, आणि क्लेमचा अर्थ वर्णन व आकृत्या यांच्या आधाराने लावायचा. अपिलाची वाट सरळ आहे. २ जानेवारी २०२१ पासून हायकोर्टात अपिलांसाठी वेगळा विभाग झाला आणि बरीच दिवाणी अपिले तिकडे गेली, पण पेटंट कायद्याशी संबंधित अपिले कोर्ट ऑफ अपीलकडेच ठेवण्यात आली. हे देशातले सर्वोच्च न्यायालय. लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिलाची वाट १९९४ मध्ये बंद झाली, त्यामुळे क्लेमच्या अर्थाबाबतचा शेवटचा शब्द सिंगापुरातच उच्चारला जातो.

क्लेमवाचनाच्या बहुतेक अडचणी गॅस सेन्सरच्या उदाहरणातून दाखवता येतात. सिंगापूरच्या जुरोंग बेटावर तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. बंदरात जहाजांच्या टाक्या दुरुस्तीसाठी रिकाम्या केल्या जातात. टाकीत किंवा भुयारी वाहिनीत माणूस उतरण्यापूर्वी आतली हवा तपासणे सिंगापूरच्या नियमांनी बंधनकारक आहे: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान हवा, आणि ज्वालाग्राही वायू त्याच्या किमान स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांहून अधिक नको. मिथेनची ही किमान मर्यादा हवेत सुमारे ५ टक्के धरतात, म्हणजे अर्ध्या टक्क्यालाच उपकरणाने ओरडायला हवे.

असे उपकरण चार-पाच निरनिराळ्या तत्त्वांवर बनते. एका प्रकारात ॲल्युमिनाच्या इवल्या मण्यात प्लॅटिनमची तार असते. ज्वालाग्राही वायू मण्यावरच्या उत्प्रेरकावर जळतो, तार तापते, तिचा रोध वाढतो. दुसऱ्यात टिन डायऑक्साइडचा थर काहीशे अंशांवर तापवून ठेवतात. हवेतला ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि रोध जास्त राहतो. मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो. नाओयोशी तागुची यांनी या तत्त्वावरील सेन्सरसाठी १९६२ मध्ये जपानमध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि घरगुती गॅसगळतीचे इशारायंत्र स्वस्त झाले त्याच्या मुळाशी हेच काम आहे. विद्युत्-रासायनिक घट आणि अवरक्त किरणांवर चालणारे सेन्सर हे आणखी दोन प्रकार. अवरक्त प्रकारात कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, यावर मोजणी बेतलेली असते.

यातील कोणत्याही प्रकारात मूळ तत्त्व आता कोणाच्या मालकीचे उरलेले नाही. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे, आणि ती केव्हाच संपली. आजची पेटंटे सुधारणांची असतात: गाळणी कुठे बसवली, तापवण्याची पद्धत कोणती, ओलाव्याचा परिणाम कसा वजा केला. म्हणून क्लेमही अरुंद असतात, आणि एकेका शब्दाला वजन येते.

समजण्यापुरता एक काल्पनिक क्लेम घेता येतो. ज्वालाग्राही वायू ओळखणारे उपकरण, ज्यात धातूच्या ऑक्साइडचा संवेदी थर आहे. थराच्या पुढे सक्रिय कोळशाची गाळणी आहे. आणि थराचे तापमान सतत ३०० ते ४०० अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवणारा नियंत्रक आहे. गाळणीचे कारण वर्णनात दिलेले आहे: स्वयंपाकघरातील मद्यार्काची वाफ आणि सिलिकोनची वाफ थरापर्यंत पोचू नये. मद्यार्कामुळे खोटा इशारा वाजतो आणि सिलिकोनमुळे थर कायमचा बधिर होतो. प्रतिस्पर्ध्याच्या उपकरणात कोळशाऐवजी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची गाळणी आहे, आणि तापवणे ठोक्याठोक्याने होते: क्षणभर ३५० अंश, मग थंड, मग पुन्हा ३५०. बॅटरी वाचते. आता उल्लंघन झाले की नाही?

न्यायाधीश स्वतःच्या डोळ्यांनी क्लेम वाचत नाही. अर्ज ज्या काळचा, त्या काळचा, त्या क्षेत्राचे सर्वसाधारण ज्ञान असलेला पण कल्पकता नसलेला जाणकार मनात उभा करायचा आणि त्याला हे वाक्य वाचून काय कळले असते, हे ठरवायचे. सेन्सरच्या बाबतीत हा जाणकार बहुधा एकटा नसतो. पदार्थविज्ञान जाणणारा, सर्किट आखणारा आणि कारखान्यात उपकरण तपासणारा असा गट धरावा लागतो. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ साक्षीदार येतात, पण त्यांचे काम मर्यादित आहे. ‘सक्रिय कोळसा’ याचा त्या काळी उद्योगात काय अर्थ होता, झिओलाइट तेव्हा गाळणीसाठी ज्ञात होता का, हे ते सांगू शकतात. क्लेमचा अर्थ काय, हे सांगणे न्यायालयाचे काम. व्यवहारात तज्ज्ञ ही रेघ सर्रास ओलांडतात आणि शेकडो पानांचे अहवाल अर्थनिर्णयावर खर्ची घालतात. न्यायाधीशाला त्यातला बराच भाग बाजूला ठेवावा लागतो.

या वाचनपद्धतीची पायाभरणी लंडनमध्ये झाली. १९८२ च्या कॅटनिक खटल्यात दारा-खिडकीवरच्या पोलादी तुळईचा क्लेम होता आणि तिची मागची बाजू ‘उभी’ असावी असे त्यात म्हटले होते. प्रतिवादीने ती सहा आणि आठ अंशांनी कलती केली. तुळईची भार पेलण्याची ताकद जेमतेम एका टक्क्याने इकडेतिकडे झाली. लॉर्ड डिप्लॉक यांनी विचारले की बांधकामातल्या माणसाने ‘उभी’ हा शब्द भूमितीच्या काटेकोरपणाने घेतला असता का? उत्तर नाही असे आले आणि उल्लंघन सिद्ध झाले. यालाच हेतुलक्षी अर्थनिर्णय म्हणतात. पुढे १९९० च्या सुमारास केस उपटण्याच्या एपिलेडी यंत्राच्या खटल्यात न्यायाधीश हॉफमन यांनी तीन प्रश्नांची शिडी बांधली. बदललेल्या घटकामुळे शोधाच्या चालण्यात महत्त्वाचा फरक पडतो का? पडत असेल, तर बदल क्लेमबाहेर. पडत नसेल, तर हे जाणकाराला त्या काळी उघड होते का? नसेल, तर बाहेर. उघड असेल, तरी क्लेमच्या शब्दांवरून पेटंटधारकाला काटेकोर पालनच अभिप्रेत होते असे जाणकाराला वाटले असते का? वाटले असते, तरीही बाहेर. एपिलेडीच्या क्लेममध्ये पीळदार स्प्रिंग होती, प्रतिवादीच्या यंत्रात चिरा पाडलेली रबरी कांडी. ब्रिटनमध्ये उल्लंघन नाही असे ठरले आणि जर्मनीत त्याच पेटंटवर त्याच यंत्राबाबत उल्लंघन ठरले. पेटंट वकील आजही हे उदाहरण काहीशा कडवटपणे देतात.

सिंगापूरच्या कोर्ट ऑफ अपीलने ही पद्धत लवकर स्वीकारली. २००१ च्या बीन इनोव्हेशन्स विरुद्ध फ्लेक्सॉन या टपालपेट्यांच्या खटल्यात मक्तेदारीची हद्द क्लेमच आखतात, आणि पेटंटधारकाने स्पष्ट शब्द वापरले असतील तर हेतूच्या नावाखाली ते पुसता येत नाहीत, हे ठामपणे मांडले गेले. २००५ मध्ये ट्रेक कंपनीच्या थंबड्राइव्हचे प्रकरण आले. केबल न लावता थेट संगणकाच्या यूएसबी खाचेत जाणारे साठवणीचे उपकरण आज इतके साधे वाटते की त्यात शोध काय होता असा प्रश्न पडावा, आणि नेमका असा मागाहून सुचलेला शहाणपणा टाळण्याची काळजी तिथे घ्यावी लागली. ट्रेकचे पेटंट सिंगापुरात टिकले. २००७ मध्ये मेन-लाइन कंपनीच्या, कार्डाच्या क्रमांकावरून त्याचे चलन ओळखण्याच्या पद्धतीवरील पेटंटही अपिलात टिकले आणि त्याचे उल्लंघन झाल्याचे ठरले.

खरी कसोटी मात्र २०१८ च्या ली टॅट चेंग विरुद्ध माका जीपीएस टेक्नॉलॉजीज या अपिलात लागली. वादाचे उपकरण सेन्सरच्या जवळच्या घराण्यातले होते: गाडीत बसवायचे, भोवतालची दृश्ये टिपणारे आणि अपघाताच्या वेळी पुरावा देणारे. हायकोर्टात न्यायाधीश जॉर्ज वे यांनी पेटंट वैध, पण उल्लंघन नाही असा निकाल २०१७ मध्ये दिला. अपील प्रलंबित असताना लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाचा ॲक्टाविस विरुद्ध एली लिली हा निकाल जुलै २०१७ मध्ये आला आणि पायाखालची जमीन हलली. त्या पेटंटात कर्करोगावरील पेमेट्रेक्स्ड या औषधाचा द्विसोडियम क्षार नमूद होता. ॲक्टाविस कंपनीला दुसरे क्षार किंवा मूळ आम्ल वापरायचे होते. जुन्या पद्धतीने वाचले तर सोडियम म्हणजे सोडियम. लॉर्ड न्यूबर्गर यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. शब्दांच्या सरळ अर्थाने उल्लंघन होत नसले, तरी बदल किरकोळ असेल तर उल्लंघन होऊ शकते असे ठरले. हॉफमनची शिडी राहिली, पण दुसऱ्या पायरीवर जाणकाराला बदललेला घटक काम करतो हे माहीत आहे असे गृहीत धरले गेले. त्यामुळे चढण बरीच सोपी झाली, अर्थात पेटंटधारकासाठी.

सिंगापूरने ही वाट धरली नाही. कारण कायद्याच्या मजकुरातच सापडते. ब्रिटिश कायद्याच्या कलम १२५ मध्ये युरोपीय पेटंट कराराच्या अनुच्छेद ६९ वरील अर्थनिर्णयाच्या प्रोटोकॉलकडे बोट दाखवणारे उपकलम आहे, आणि त्या प्रोटोकॉलमध्ये क्लेमबाहेरच्या समतुल्य घटकांचाही विचार करायला सांगितले आहे. सिंगापूरच्या संसदेने कलम ११३ घडवताना ब्रिटिश कलमाचा पहिला भाग घेतला आणि हे उपकलम गाळले. त्यामुळे क्लेमच्या शब्दांपलीकडे संरक्षण नेण्याला कायद्यात आधार उरत नाही. न्यायालयाने निश्चिततेचाही विचार केला: क्लेम वाचून स्पर्धकाला आपण कुठपर्यंत जाऊ शकतो हे कळायला हवे, आणि हेतुलक्षी वाचन पेटंटधारकाला पुरेसा न्याय देते. उल्लंघन नाही हा निष्कर्ष कायम राहिला.

या निवडीवर टीका झाली आहे आणि ती निराधार नाही. ज्याने पहिल्यांदा वाट शोधली त्याच्या क्लेममधल्या एका शब्दाला वळसा घालून दुसरा पुढे निघून जातो, हे न्यायाला खटकते. तरीही सिंगापूरसाठी ती योग्य वाटते. तिथे दाखल होणाऱ्या पेटंट अर्जांपैकी मोठा वाटा परदेशी अर्जदारांचा असतो. ते अर्ज व्यवसायाने हेच काम करणारे लोक लिहितात. आपल्या शब्दांचा परिणाम त्यांना कळत नाही असे मानायला कारण नाही. शब्द निवडण्याची संधी पेटंटधारकाला होती, स्पर्धकाला नव्हती.

आता गॅस सेन्सरचा तो क्लेम या चौकटीत ठेवून पाहता येतो. झिओलाइटच्या गाळणीला पहिला प्रश्न लावला, तर वाफ अडवण्याचे काम तीच करते, म्हणून चालण्यात महत्त्वाचा फरक नाही असे म्हणता येईल. अर्थात मिथेनचा वेग मंदावून प्रतिसादाला काही सेकंद अधिक लागत असतील तर इथेच वाद पेटतो. दुसऱ्या प्रश्नावर तज्ज्ञांची झुंज होते: अर्जाच्या काळी झिओलाइट हे काम करील हे उघड होते का? असेल, तर तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो पेटंटधारकाला जड जातो. वर्णनात ‘कोळसा किंवा तत्सम शोषक पदार्थ’ असे लिहून क्लेममध्ये फक्त ‘सक्रिय कोळसा’ ठेवला असेल, तर जाणकार म्हणेल की इतर पदार्थ ठाऊक असूनही त्याने ते सोडून दिले. वर्णनातला उदारपणा इथे मालकाच्याच अंगावर येतो.

तापवण्याचा मुद्दा आणखी कठीण आहे, आणि तो एका शब्दाचा आहे: ‘सतत’. ठोक्याने तापवणाऱ्या सेन्सरचा थर सूक्ष्म सिलिकॉन पटलावर असतो, काही मिलिसेकंदांत तापतो आणि थंडावतो. मोजणीच्या क्षणी तापमान ठरलेल्या पट्ट्यातच असते. ‘सतत’ म्हणजे प्रत्येक मोजणीच्या वेळी, असा अर्थ पेटंटधारक सुचवील. पण वर्णनात तापमान उतरले की पृष्ठभागावर ओलावा जमतो आणि वाचन चुकते म्हणून ते उतरू द्यायचे नाही असे लिहिले असेल, तर ‘सतत’ला कारण आहे आणि ते कारण वाचकाला कळलेले आहे. हेतुलक्षी वाचन इथे पेटंटधारकाच्या विरुद्ध जाते. हेतू शोधायचा म्हणजे अर्थ रुंदावायचा, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा हेतूच अर्थ आवळतो.

तापमानाच्या आकड्यांचे काय? प्रतिवादीने २९८ अंश ठेवले तर? आकडा लिहिला म्हणजे सीमा रेखली, असे सामान्य माणसाला वाटते, पण प्रत्येक मोजमापात चूक असते आणि जाणकाराला ती माहीत असते. जखमेच्या पट्टीवरील चांदीच्या प्रक्रियेबाबत कॉन्व्हाटेक कंपनीच्या क्लेममध्ये एका द्रव्याचे प्रमाण १ ते २५ टक्के होते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये पूर्णांकात लिहिलेला आकडा पूर्णांकाच्या प्रथेने वाचला: ०.५ टक्क्यापासून पुढचे सगळे १ मध्ये गणले गेले आणि ०.७७ टक्के वापरणारा प्रतिवादी अडकला. हा निकाल सिंगापूरवर बंधनकारक नाही. तिथे त्याचे वजन मन वळवणाऱ्या युक्तिवादाएवढे. सेन्सरमध्ये आणखी एक पेच असतो. तापमान थराच्या मध्यावर मोजायचे, कडेला, की तापकाच्या रोधावरून काढायचे, हे क्लेममध्ये नसेल तर दोन अंशांचा फरक कोणत्या पद्धतीने मोजला, यावरच सगळे ठरते.

पेटंटधारकाला रुंद अर्थ हवा असतो, पण तो अर्थ दोन्ही बाजूंनी लागू होतो. उल्लंघनासाठी जो अर्थ, तोच वैधतेसाठी. गाळणी म्हणजे कोणतीही शोषक चकती असा अर्थ घेतला, तर अर्जाच्या आधी प्रसिद्ध झालेल्या कापडी किंवा झिओलाइटच्या गाळण्या पुढे येतात आणि क्लेममधले नावीन्य जाते. प्रतिवादीचे वकील हाच चिमटा लावतात: अरुंद वाचा, आमचे यंत्र बाहेर, रुंद वाचा, पेटंट रद्द. इंग्लंडचे न्यायाधीश जेकब यांनी इटालियन प्राध्यापक मारियो फ्रांझोसी यांची एक उपमा लोकप्रिय केली. पेटंटधारक अंगोरा मांजरासारखा असतो: वैधतेचा विषय निघाला की अंग चोरून बसतो, उल्लंघनाच्या वेळी केस फुलवून दुप्पट होतो. उपमा गमतीची आहे, पण अपिलात पेटंटधारकाच्या वकिलाला पहिला प्रश्न बहुधा याच धर्तीचा येतो.

अपिलाचे न्यायालय काय बदलू शकते, यालाही मर्यादा आहेत. क्लेमचा अर्थ हा दस्तऐवजाचा अर्थ असल्याने वरिष्ठ न्यायालय तो नव्याने लावू शकते; खालच्या न्यायाधीशाचा अर्थ समोर असतो, पण बंधन नसते. साक्षीवर बेतलेल्या गोष्टींचे तसे नाही. प्रतिवादीचा सेन्सर प्रत्यक्षात किती अंशांवर चालतो, झिओलाइटमधून मिथेन किती वेगाने जातो, हे निष्कर्ष सहजासहजी उलटवले जात नाहीत. शोध उघड होता की नव्हता या प्रश्नावरही, पुराव्यांच्या अनेक छटा तोलून काढलेला निष्कर्ष म्हणून, न्यायालय हात आखडता घेते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये टेवा विरुद्ध सँडोझ खटल्यात जवळपास अशीच विभागणी केली: अर्थ नव्याने, पण त्यामागचे साक्षीवरचे तथ्य स्पष्ट चूक असेल तरच बदलायचे.

हरलेला पक्ष अपिलात नवीन प्रयोगाचा अहवाल आणू पाहतो. सिंगापुरात १९५४ च्या लॅड विरुद्ध मार्शल या इंग्लिश निकालाच्या तीन अटी लागतात: आधी योग्य तत्परतेने तो पुरावा मिळवता येण्याजोगा नव्हता, निकालावर त्याचा महत्त्वाचा परिणाम होईल, आणि तो दिसायला विश्वासार्ह आहे. बाजारात मिळणारा सेन्सर प्रयोगशाळेत तापवून पाहणे आधीच शक्य असते, त्यामुळे पहिल्याच अटीवर अर्ज अडतो.

क्लेमच बदलून घ्यावा, हा शेवटचा मार्ग. कायद्यात दुरुस्तीची सोय आहे, पण दुरुस्तीने वर्णनात नवी भर पडू नये, संरक्षण रुंदावू नये, आणि परवानगी न्यायालयाच्या विवेकावर. २०१७ च्या वॉर्नर-लॅम्बर्ट विरुद्ध नोव्हार्टिस अपिलात प्रीगॅबालिन या औषधाचे क्लेम उपचारपद्धतीचे होते, आणि उपचारपद्धतीला सिंगापुरात पेटंट मिळत नाही. पेटंटधारकाने ते वेगळ्या रूपात लिहून मागितले, न्यायालयाने नाकारले. विलंबही त्यांच्या विरोधात गेला. सेन्सरवाल्याला ‘सतत’ हा शब्द वगळावासा वाटला, तर ते सरळ रुंदीकरण ठरते आणि दार बंद असते. उलट क्लेममध्ये नुसती ‘गाळणी’ असती, तर तो शब्द ‘सक्रिय कोळशाची गाळणी’ असा आवळता आला असता, आणि वैधता वाचवण्यासाठी तेवढाच उपयोग झाला असता.

क्लेम वर्णनाच्या आधाराने वाचायचा का, हा प्रश्न सिंगापूरपुरता नाही. म्युनिकमध्ये १८ जून २०२५ रोजी युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने जी १/२४ या प्रकरणात वर्णन आणि आकृत्या क्लेम वाचताना नेहमीच पाहायच्या, शब्द अस्पष्ट असेल तेव्हाच नव्हे, असे ठरवले. वाद तंबाखूच्या तापवायच्या कांडीच्या क्लेममधल्या एका शब्दाचा होता. सिंगापूरच्या कलम ११३ मध्ये हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे.

क्लेमचा अर्थ ठरला की अपील न्यायालयाचे काम उल्लंघन आणि वैधता यांपुरते राहते. उल्लंघन ठरल्यास नुकसानभरपाई किती, याचा हिशेब सहसा वेगळ्या टप्प्यात हायकोर्टात होतो. पेटंटातले काही क्लेम टिकले आणि काही पडले, तर टिकलेल्यांपुरता दिलासा देण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून अर्ज लिहिणारे मुख्य क्लेमखाली पायरीपायरीने अरुंद होत जाणारे क्लेम ठेवतात: आधी ‘शोषक गाळणी’, मग ‘कोळशाची’, मग ‘अमुक जाडीची’. सेन्सरच्या खटल्यात बहुधा यांतलाच दुसरा किंवा तिसरा क्लेम शेवटपर्यंत उभा राहतो.